लढाईचें देणें

सन २०२५ च्या मे महिन्यांत आपल्या पश्चिम सरहद्दीवर चार दिवस तोफा व विमानें गर्जत होतीं, तेव्हां शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती. जूनमध्यें वर्ग भरले आणि नागरिकशास्त्राच्या तासाला अंदाजपत्रकाचा विषय निघाला. मीं फळ्यावर एक आंकडा लिहिला. संरक्षणखात्याचा २०२५-२६ सालचा अंदाज : ६ लाख ८१ हजार कोटि रुपये. मुलांना प्रथम त्यांतील शून्यें मोजण्यांतच मौज वाटली. मग एका मुलीनें विचारलें कीं, एवढ्या पैशांत आपल्या तालुक्याला किती दवाखाने बांधतां आले असते? प्रश्न साधा होता. परंतु मागच्या बांकावरील एक मुलगा तत्काळ उठून उभा राहिला. त्याचे वडील लष्करांत नोकरीस आहेत. तो म्हणाला, "सर, शिपाई सरहद्दीवर उभा असतां घरांत बसून खर्चाची चौकशी करणें म्हणजे शत्रूला मदत करणेंच नव्हे काय?"

मुलगी खालीं बसली. वर्गांत शांतता पसरली. मींहि त्या दिवशीं समाधानकारक उत्तर दिलें नाहीं. घंटा झाली एवढें निमित्त मला पुरलें. घंटेच्या आधारानें सुटका करून घेणें शिक्षकास शोभत नाहीं, म्हणून तेव्हां जें सांगावयास हवें होतें तें येथें लिहीत आहें. पालकांनींहि तें वाचावें अशी इच्छा आहे, कारण मुलाचा प्रश्न बहुधा घरींच ऐकलेला असतो.

पोलादपूर-महाडचा मुलूख हा शिपायांचा मुलूख. उमरठ येथें तानाजी मालुसऱ्यांची समाधि आहे. महाड तालुक्यांतील एका गांवाला तर घरटी एक तरी शिपाई या ख्यातीमुळें लोक ‘फौजी आंबवडे’ असेंच म्हणतात. अशा ठिकाणीं लष्कराच्या खर्चाविषयीं बोलतांना जीभ अडखळते, कारण सरकार ज्याला खर्च म्हणतें तोच येथें कोणाचा पगार असतो, कोणाची पेन्शन असते. वर सांगितलेल्या रकमेपैकीं सुमारें १ लाख ६० हजार कोटि रुपये केवळ पेन्शनचे आहेत. हें मीं फळ्यावर लिहिलें नव्हतें. ती चूक माझी.

परंतु याच मुलखानें लढाईच्या हिशेबाचा एक थोर जाणकारहि देशाला दिला. महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या वाटेवर नाते नांवाचें गांव लागतें. सहलीच्या वेळीं आपण त्यावरून गेलों आहों. पण त्या वेळीं सर्वांचें लक्ष गडाकडे असतें. त्या गांवीं १४ जानेवारी १८९६ रोजीं चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म झाला. त्यांची गोष्ट हाच या लेखाचा गाभा आहे. तथापि त्यांच्या आधींच्या एका कोंकणस्थ शिक्षकाचें नांव घेतल्यावांचून ती सुरू करणें बरें नव्हे.

गुहागरकडील कोतळूक येथें १८६६ मध्यें जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले हे आमच्याच धंद्यांतले. फर्ग्युसन कॉलेजांत ते शिकवीत. १८९७ मध्यें हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढें इंग्लंडांत त्यांची साक्ष झाली. सरहद्दीबाहेरील स्वाऱ्या साम्राज्याच्या हितासाठीं, मग त्यांचा भार हिंदी रयतेवर कां, हा वादाचा एक मोठा विषय होता. पुढें २६ मार्च १९०२ रोजीं व्हाइसरॉयांच्या कायदेकौन्सिलांत अंदाजपत्रकावर त्यांचें पहिलें भाषण झालें. तिजोरींत शिल्लक पडली म्हणून सरकार संतोष मानीत होतें. गोखल्यांनीं दाखविलें कीं, ही शिल्लक सुबत्तेची नव्हे. दोन मोठ्या दुष्काळांनीं लोक खंगले असतांहि कर चढे ठेवले म्हणून ती पडली आहे, आणि लष्कराचा खर्च वाढत चालला आहे. त्यांत मिठाचा कर ठळक होता. तो १८८८ मध्यें मणामागें दोन रुपयांवरून अडीच रुपये केलेला होता. १९०३ मध्यें तो दोन, १९०५ मध्यें दीड आणि १९०७ मध्यें एक रुपयावर आला. केवळ एका भाषणानें कर उतरला असें मी म्हणत नाहीं. परंतु ज्याच्या पेजेंत मीठ कमी पडत होतें त्याच्या वतीनें कोणी तरी आंकडे घेऊन उभें राहिलें, ही गोष्ट लहान नव्हे.

हें शांततेच्या काळांतलें झालें. प्रत्यक्ष लढाई चालू असतां काय होतें, तें पाहण्यास सन १९३९ गांठावें लागतें.

त्या वर्षीं ३ सप्टेंबर रोजीं व्हाइसरॉयांनीं हिंदुस्थान युद्धांत उतरल्याचें जाहीर केलें. लोकांच्या प्रतिनिधींस विचारलें नाहीं. नोव्हेंबरांत इंग्लंड व हिंदुस्थान सरकार यांच्यामध्यें खर्चाच्या वांटणीचा एक ठराव झाला. शांततेच्या काळांतील लष्करी खर्च म्हणून वर्षाला ३६ कोटि ७७ लाख रुपये, त्यावर महागाईमुळें होणारी वाढ, निव्वळ हिंदुस्थानच्या रक्षणासाठीं केलेल्या युद्धकाळांतील योजनांचा खर्च, आणि परदेशीं गेलेल्या हिंदी फौजेसाठीं एकदांच एक कोटि रुपये, इतकें हिंदुस्थानानें द्यावें; उरलेलें इंग्लंडानें सोसावें. कागदावर हा ठराव वाईट नव्हता. किंबहुना वेल्बी कमिशनपुढें आपले लोक जें मागत होते त्यांतील पुष्कळ त्यांत आलें होतें.

तरीहि नोव्हेंबर १९४० मध्यें युद्धासाठीं नवे कर बसविणारें बिल दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळापुढें आलें, तेव्हां भुलाभाई देसाई यांच्या पक्षानें त्यास विरोध केला आणि तें थोड्या मतांनीं फेटाळलें गेलें. आक्षेप आंकड्यांपुरता नव्हता. ज्यांस विचारल्यावांचून लढाईंत ओढलें त्यांच्याकडूनच तिचा पैसा कां घ्यावा, असा तो प्रश्न होता. गव्हर्नर-जनरलनें स्वतःच्या अधिकारांत बिल मंजूर करून टाकलें. म्हणजे चर्चा झाली, मतें मोजलीं गेलीं, आणि त्यांचा उपयोग शून्य. ज्या सभेचें ‘नाहीं’ ऐकावयाचेंच नसतें, तिच्या ‘होय’ला तरी किंमत कशी यावी?

आतां या ठरावाचा व्यवहार कसा चालला तो विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावा, कारण खरी मेख तेथेंच आहे. इंग्लंड आपला वांटा देत होतें, पण लंडनमध्यें, पौंडांत. येथें कापड, धान्य, ताग, लांकूड, बूट खरेदी करावयाचे, शिपायांचा पगार द्यावयाचा, तर रुपये लागत. मग पौंडाचीं कर्जपत्रें लंडनमध्यें रिझर्व्ह बँकेच्या नांवें जमा होत आणि त्यांच्या आधारावर बँक येथें नोटा काढी. समजा, गांवांतल्या वाण्याच्या दुकानांतून कोणी रोज पोतें उचलून नेलें आणि प्रत्येक वेळीं आपल्याच वहींत ‘देणें लागतों’ असें लिहिलें. वही आपल्याच घरीं ठेवली. आणि ‘नाहीं’ म्हणण्याची वाण्यास मुभा नाहीं. वाण्याची येणें रक्कम फुगत जाते, पण कणगी रिकामी होते. लढाईच्या आरंभीं देशांत सुमारें १८० कोटींच्या नोटा फिरत होत्या. लढाई संपतांना त्या ११०० कोटींच्या वर गेल्या. माल कमी, कागद सहापट. घाऊक किंमती सरासरीनें अडीचपटींच्या आसपास गेल्या, आणि कित्येक जिनसा नियंत्रित भावानें मिळतच नसल्यामुळें ‘काळा बाजार’ हा शब्द सर्वतोमुखीं झाला.

यांत कोंकणावर दुसरें एक संकट आलें. आपल्या डोंगरउतारावर भात होतें, नाचणी होते, वरी होते. पण वर्षभर पुरेल इतकें घरचें धान्य पुष्कळांना तेव्हां होत नसे. मुंबई व कोंकणपट्टी यांची तूट ब्रह्मदेशच्या तांदळानें भरून निघे. मार्च १९४२ मध्यें रंगून जपान्यांच्या हातीं पडलें आणि तो तांदूळ बंद झाला. १९४३ मध्यें मुंबईंत रेशनिंग सुरू झालें. गिरणींत खपणारा चाकरमानी गांवीं जे पैसे पाठवी ते पूर्वींइतकेच किंवा थोडे अधिकहि असतील; पण त्या पैशांत येणारें धान्य कमी झालें होतें. कर बसविण्यास कायदा लागतो, सभेंत बोलावें लागतें, निदान गॅझेटांत छापावें लागतें. हा कर कोणीं मांडला नाहीं, कोणीं मंजूर केला नाहीं. तो भाकरीच्या आकारांतून परस्पर कापून घेतला गेला. बंगालमध्यें त्याच वर्षीं काय झालें तें सर्वांस ठाऊक आहे. सरकारी चौकशी मंडळानें १५ लाख मृत्यू मानले. नंतरच्या अभ्यासकांनीं ३० लाखांपर्यंत अंदाज केले. त्या दुष्काळाचीं कारणें अनेक होतीं. पण लष्करी खरेदी आणि नोटांचा पूर यांनीं चढलेले भाव हें त्यांतील एक मोठें कारण होय, याविषयीं फारसा मतभेद नाहीं.

लढाई ऐन भरांत असतांनाच या देशांतील विद्वानांनीं याविरुद्ध लिहिलें, हें मला विशेष वाटतें. गोखल्यांच्याच नांवानें पुण्यास चालणाऱ्या संस्थेंतून धनंजयराव गाडगीळ व सोवनी यांचा युद्धकालीन अर्थनीतीवरील ग्रंथ १९४३ मध्यें निघाला. मुंबईस प्राध्यापक वकील यांनीं त्याच वर्षीं रुपयाच्या घसरणीवर लिहिलें. लढाईचा खर्च नोटा छापून भागवूं नये, ज्याची ऐपत अधिक त्याच्याकडून उघडपणें कर व कर्ज या वाटेनें अधिक घ्यावें, हा अशा लिखाणाचा रोख. यांत शत्रूस मदत कोठें झाली, तें मला दिसत नाहीं.

आतां नात्याचे देशमुख. ऑगस्ट १९४३ मध्यें ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. त्या जागीं बसलेले ते पहिले हिंदी गृहस्थ. नोटांवर सही त्यांची, पण नोटा किती काढाव्या हें ठरविणारी सत्ता त्यांची नव्हती. हें दुःख त्यांच्या वांट्यास आलें. जुलै १९४४ मध्यें अमेरिकेंतील ब्रेटन वुड्स येथें ४४ राष्ट्रांची परिषद भरली. हिंदुस्थानच्या मंडळांत देशमुख होते, षण्मुखम् चेट्टी होते, अर्देशर श्रॉफ होते. लंडनमध्यें अडकून पडलेल्या आमच्या पैशांचा निदान कांहीं भाग डॉलरांत वापरण्याची सोय करा, ही मागणी त्यांनीं चारचौघांत मांडली. ती मान्य झाली नाहीं. परंतु इंग्लंडच्या वतीनें केन्स यांना सर्व राष्ट्रांसमक्ष सांगावें लागलें कीं, हें देणें इंग्लंड इभ्रतीस धरून फेडील.

दिवस कोणते होते तें पाहा. त्याच महिन्यांत मणिपुरच्या डोंगरांतून जपानी फौजा चिखलांतून माघार घेत होत्या, आणि त्यांस मागें रेटणाऱ्या फौजेंत बहुसंख्य शिपाई हिंदी होते. शिपाई आपलें काम करीत होता, हिशेबनीस आपलें. एकाच्या कामानें दुसऱ्याचें अडलें नाहीं. इंग्लंडांत चर्चिलसारखे लोक म्हणत होते कीं, हिंदुस्थानचें रक्षण आम्हीं केलें, तेव्हां हें कर्ज कापलेंच पाहिजे. देशमुखांनीं आणि इतरांनीं तेव्हांच पुढें होऊन ‘ही रक्कम आमची’ असें ठासून सांगितलें नसतें, तर लढाईनंतर त्या वहीचीं पानें फाटलीं नसतीं अशी खात्री कोण देईल?

१९४६ पर्यंत ती रक्कम १७०० कोटि रुपयांच्या घरांत गेली होती. जो देश लढाईपूर्वीं इंग्लंडचा कर्जदार होता तो सावकार झाला. १९४७ व १९४८ च्या करारांनीं पैसे हप्त्याहप्त्यानें मोकळे झाले. इंग्रज मागें ठेवून गेलेल्या लष्करी सामानापोटीं सुमारें १० कोटि पौंड त्यांतून वळते झाले, शिवाय इंग्रज अधिकाऱ्यांच्या पेन्शनांची तरतूदहि त्यांतूनच झाली. उरलेल्या पैशांतून परदेशचें धान्य आलें, यंत्रें आलीं. १९५२ मध्यें देशमुख तेव्हांच्या कुलाबा जिल्ह्यांतूनच लोकसभेवर निवडून आले. १९५० पासून १९५६ पर्यंत ते देशाचे अर्थमंत्री होते.

एवढें सगळें अभिमानानें सांगितल्यावर एक गोष्ट राहते, आणि ती मला नेहमीं टोंचते. देणें फिटलें तें राष्ट्राचें. १९४३ मध्यें ज्या घरांत चूल पेटली नाहीं त्या घराच्या नांवें लंडनच्या वहींत खातें नव्हतें. रकमेची परतफेड झाली. उपासाची झाली नाहीं.

आतां त्या मुलाच्या बाजूनें बोलतों, कारण ती बाजूहि खरी आहे. लष्करावरील पैसा वांचविणें हें नेहमींच पुण्य असतें असें नाहीं. महाडजवळील रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे लष्करांतून निवृत्त झालेले गृहस्थ. १८९० नंतरच्या वर्षांत महारांची लष्करभरती सरकारनें बंद केली, तेव्हां त्यांनीं १८९४ मध्यें त्याविरुद्ध अर्ज लिहिला. ज्यांना पाणवठ्यावर उभें राहूं देत नव्हते, त्यांना पलटणींत पगार, लिहिणें-वाचणें आणि सरळ मानेनें चालणें मिळत होतें. तें दार मिटलें. १९१७ मध्यें महायुद्धाची गरज लागतांच १११ वी महार पलटण उभी केली, आणि १९२१ मध्यें गरज सरतांच मोडली. पुन्हा लढाई आली तेव्हां ऑक्टोबर १९४१ मध्यें बेळगांवास महार रेजिमेंट उभी राहिली. ती आजहि आहे. काटकसर करणाऱ्यानें कोणाची भाकरी तोडली जाते हेंहि पाहावें लागतें.

आणि १९६२. त्या ऑक्टोबरांत चीननें चाल केली तेव्हां आपले जवान पुरेशा गरम कपड्यांवांचून, जुन्या .३०३ रायफली घेऊन हिमालयांत उभे होते. कमी खर्चाची किंमत त्यांनीं दिली. लढाई चालू असतांनाच ८ नोव्हेंबर रोजीं संसदेचें अधिवेशन भरलें. बैठक गुप्त घ्यावी अशी सूचना झाली. पंडित नेहरूंनीं ती मानली नाहीं. उघड्या सभागृहांत त्यांना कठोर शब्द ऐकावे लागले. त्याच महिन्यांत यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीस गेले. पुढच्या अंदाजपत्रकांत संरक्षणासाठीं ८६७ कोटि रुपये धरले गेले. बायकांनीं अंगावरचे दागिने आपण होऊन संरक्षणनिधीस दिले. परंतु त्याच वर्षीं सक्तीच्या बचतीची जी योजना निघाली तिच्याविरुद्ध अल्प उत्पन्नाच्या लोकांनीं तक्रार केली, आणि कांहीं महिन्यांतच सरकारला तिचा बराच भाग मागें घ्यावा लागला. दागिने देणारी बाई आणि तक्रार करणारा कारकून यांत देशभक्त कोण, असा प्रश्न मला कोणीं विचारूं नये. पुष्कळदां दोघें एकाच घरांत नांदत असतील.

१९४० आणि १९६२ यांतील फरक एवढाच कीं, दुसऱ्या वेळीं ‘नाहीं’ म्हणणाऱ्याचें ऐकावें लागलें.

कोणी म्हणेल, लष्कराचीं गुपितें असतात. असतातच. तोफा किती आणि कोणत्या खिंडींत, हें वर्गांत विचारावयाचें नाहीं. परंतु एकंदर किती घेतले, कोणाकडून घेतले, आणि बूट घेतले तर ते शिपायाच्या पायांत पोंचले कीं नाहीं, हें गुपित नव्हे. त्यासाठीं महालेखापाल आहे, संसदेची लोकलेखा समिति आहे. प्रभूनेंहि एका दृष्टांतांत असा राजा दाखविला आहे कीं, जो दहा हजारांनिशीं वीस हजारांवर चालून जाण्यापूर्वीं आधीं खालीं बसून विचार करतो. तो राजा भित्रा आहे असें आजवर कोणत्याहि उपदेशकानें म्हटल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं.

आणि दूर जावयास नको. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवछत्रपतींनीं चिपळूणकडील छावणीच्या अधिकाऱ्यांस एक पत्र लिहिलें, तें आजहि उपलब्ध आहे. पावसाळ्यासाठीं सांठविलेला दाणागोटा आरंभींच उधळूं नका, नाहीं तर पुढें घोडीं उपाशी मरतील. आणि मग रयतेच्या घरांत शिरूं नका, लागेल तें बाजारांतून रोख विकत घ्या, असा त्याचा आशय आहे. लढणाऱ्या राजाचें हें पत्र. त्यांत घोड्यांचीहि काळजी आहे आणि कुणब्याच्या परसाचीहि. त्या छावणींतील कोणी शिपाई रागावला असेलहि. पत्र मात्र मागें घेतलें गेलें नाहीं.

हें सर्व मीं त्या मुलास पुढें एके दिवशीं मधल्या सुट्टींत सांगितलें, अर्थात् थोडक्यांत. त्यानें ऐकून घेतलें. देशमुखांचें गांव नाते हें ऐकून त्याला नवल वाटलें, कारण त्याचें आजोळ तिकडेच आहे. परंतु मुख्य मुद्दा त्याला पुरता पटला असें मला वाटत नाहीं. वडील गणपतींत रजेवर येणार आहेत, त्यांना विचारून मग सांगतों, असें तो म्हणाला. त्या मुलीला मात्र मीं तिचें गणित पुरें करावयास सांगितलें आहे. दवाखान्याचा खर्च काय येतो तें विचारण्यास ती पंचायत समितीच्या कचेरींत एकदां जाऊनहि आली.